हाताने रंगवलेल्या जपानी चित्रप्रतिकृती घरासाठी घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या पारंपरिक चित्रकलेतील एखादी कृती घरी असावी आणि ती छापील पोस्टरच्या रूपात नव्हे, तर हाताने केलेल्या कामाच्या रूपात असावी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. मूळ कृती कोणत्या साधनांनी घडली आणि ती कशी पाहिली जात असे, हे आधी समजून घेतले तर प्रत निवडणे सोपे जाते. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

‘हाताने रंगवलेली प्रत’ असे लिहिलेले असले की ती खरोखरच हाताने रंगवलेली असते का?

नेहमीच नाही. या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. काही प्रतींमध्ये चित्रकार कोऱ्या कागदावर, रेशमावर किंवा कॅनव्हासवर रेखाटनापासून सुरुवात करून संपूर्ण चित्र रंगवतो. काहींमध्ये कॅनव्हासवर प्रतिमा आधी छापलेली असते आणि तिच्यावर ठिकठिकाणी रंगाचे हात दिलेले असतात. काहींमध्ये तर छपाईवर पारदर्शक लेप देऊन त्यात ब्रशचे नुसते ठसे उमटवलेले असतात. साध्या भिंगाखाली पाहिल्यास छपाईचे बारीक ठिपके बहुधा ओळखू येतात. शिवाय ब्रशच्या ठशांची दिशा आणि खालच्या आकारांची दिशा जुळत नसेल, तर लेप नंतर दिलेला आहे हे कळते. दूरवरून मागवताना काम चालू असतानाचे दोन-तीन टप्प्यांचे फोटो मागावेत. ज्याने खरोखर रंगवले आहे त्याला ते देण्यात अडचण नसते. छापून वर रंगवलेली प्रत घेण्यात गैर काही नाही, मात्र विकणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे आणि किंमतही त्या मानाने असली पाहिजे.

होकुसाई यांची ‘मोठी लाट’ दिवाणखान्यात लावायची आहे. तिची ऑइल रंगातली प्रत घ्यावी का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांब आहे, कारण ही कृती मुळात रंगवलेली नाहीच. कात्सुशिका होकुसाई (1760–1849) यांनी ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या मालिकेसाठी 1831 च्या सुमारास तिचे रेखाटन केले. ते रेखाटन लाकडी ठोकळ्यावर चिकटवून कोरक्याने कोरले आणि त्या कोरण्यातच मूळ रेखाटनाचा कागद नाहीसा झाला. मग छापणाऱ्याने वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळे ठोकळे वापरून एकेक प्रत हाताने छापली आणि निशिमुराया योहाची या प्रकाशकाने ती सामान्य ग्राहकांना विकली. म्हणजे ‘लाटे’चे एकमेव मूळ चित्र असे काही अस्तित्वात नाही, जगभरच्या संग्रहालयांत आहेत त्या सगळ्या छापील प्रतीच आहेत. कागदाचा आकारही साधारण 25 × 37 सेंटिमीटर, म्हणजे हातात धरून जवळून पाहण्याचा.

या चित्राचे सौंदर्य कापल्यासारख्या स्वच्छ रेषेत, सपाट रंगांत आणि प्रशियन ब्लू या तेव्हा जपानमध्ये नव्याने सर्रास वापरात येऊ लागलेल्या निळ्या रंगात आहे. फेसाचा पांढरा रंग हा रंगच नाही. तिथे कागद उघडा ठेवलेला आहे. ऑइलमध्ये काम करणाऱ्या चित्रकाराला तो पांढरा रंगवावा लागतो, आणि एकदा रंगवायला घेतला की फेसाला गोलाई देण्याचा, पाण्यावर छायाप्रकाश दाखवण्याचा मोह त्याला होतो. तसे झाले की होकुसाई यांची लाट संपते आणि एक साधेसुधे युरोपीय धाटणीचे समुद्रचित्र उरते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ‘लाट’ तिच्या खऱ्या रूपात हवी असेल, तर रंगवलेल्या प्रतीऐवजी नव्याने कोरलेल्या ठोकळ्यांवरून, वाशी या जपानी हातकागदावर हाताने छापलेली प्रत घ्यावी. तोक्योतील अदाची संस्थेसारख्या ठिकाणी कोरक्यांचे आणि छापणाऱ्यांचे हे काम आजही जुन्या पद्धतीने चालते. तीही संपूर्णपणे हातानेच घडलेली वस्तू असते.

मोठ्या आकाराचा आग्रह असेल तर रंगवलेली प्रत जरूर घ्यावी. मात्र ती मूळ छापाची नक्कल नसून त्यावर आधारलेले वेगळे चित्र आहे, हे मान्य करून घ्यावी. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी 1887 मध्ये पॅरिसमध्ये असताना उतागावा हिरोशिगे यांच्या दोन छापचित्रांच्या, कामेइदोच्या आलुबुखारबागेच्या आणि पुलावरच्या अचानक आलेल्या पावसाच्या, ऑइल रंगांत प्रती केल्या. त्यांनी रंग अधिक तीव्र केले आणि भोवती जपानी अक्षरांच्या चौकटी रंगवल्या. त्या प्रती आज ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत, कारण त्या नकलेपुरत्या थांबलेल्या नाहीत. आपल्या चित्रकाराकडून कोणते काम अपेक्षित आहे, हे दोघांनी आधीच ठरवलेले बरे.

मग रंगवलेल्या प्रतीसाठी कोणत्या कृती योग्य?

ज्या मुळात ब्रशने रंगवलेल्या आहेत त्या: घडीचे पडदे, म्हणजे ब्योबू, लटकवायच्या गुंडाळ्या, म्हणजे काकेजिकु, सरकत्या दारांवरची चित्रे आणि पंखे. घरासाठी मला सर्वांत योग्य वाटते ती रिन्पा, म्हणजे सपाट रंगांची सजावटी चित्रपरंपरा. ओगाता कोरिन (1658–1716) यांचा आयरिस फुलांचा पडदा, जो तोक्योच्या नेझू संग्रहालयात आहे, त्यात सोनेरी पार्श्वभूमीवर केवळ निळी फुले आणि हिरवी पाने आहेत. छाया नाही, क्षितिज नाही, माणूस नाही. फुलांचे काही झुबके हुबेहूब पुन्हा येतात आणि तरीही पडद्यावर एक चाल जाणवते. सपाट, ठाम रंग आणि स्पष्ट आकार असल्यामुळे कुशल चित्रकार या चित्राला न्याय देऊ शकतो. कोरिन यांनी याच विषयावर नंतर केलेला, तिरक्या लाकडी पुलासह असलेला दुसरा पडदा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. या दोहोंत नेहमी गोंधळ होतो, म्हणून प्रत मागवताना ‘पुलासह’ की ‘पुलाशिवाय’ हे लिहून द्यावे.

याउलट हासेगावा तोहाकु (1539–1610) यांचा धुक्यातल्या पाइन वृक्षांचा पडदा फोटोत अगदी सोपा दिसतो. कागदावर काळी शाई आणि बरीचशी रिकामी जागा, एवढेच त्यात आहे. प्रत्यक्षात हीच सर्वांत कठीण प्रत. शाई कागदात मुरते, फटकारा एकदाच मारता येतो आणि दुरुस्ती करता येत नाही. जवळून पाहिले तर झाडे खरखरीत, वेगवान रेघांनी बनलेली आहेत, आणि दुरून पाहिले की धुके दिसते. हे चित्र कॅनव्हासवर ऑइलमध्ये कधीही करून घेऊ नये. शाईकामाची अनेक वर्षे सवय असलेला चित्रकार मिळाला, तरच कागदावर करून घ्यावे.

प्रत लावणे म्हणजे खोटी वस्तू लावणे नव्हे का?

ही शंका विचारणाऱ्यांचा संकोच मला समजतो, पण जपानी चित्रपरंपरेच्या बाबतीत तो अनाठायी आहे. तिथे प्रत करणे हा शिक्षणाचा आणि जतनाचा मुख्य मार्ग होता. कानो घराण्याच्या चित्रशाळांत शिष्य वर्षानुवर्षे गुरूंच्या नमुनाचित्रांवरून हात बसवत. क्योतोच्या केन्निन-जी मंदिराचा, तावाराया सोतात्सु यांनी सतराव्या शतकात रंगवलेला वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव यांचा पडदा घ्या. त्याची प्रत पुढे कोरिन यांनी केली, आणि कोरिन यांच्या प्रतीवरून साकाई होइत्सु (1761–1828) यांनी आणखी एक केली. आज तिन्ही पडदे मोलाचे मानले जातात. एवढेच नव्हे, तर कोरिन यांच्या पडद्याच्या पाठीमागे होइत्सु यांनी उन्हाळी आणि शरद ऋतूतील गवताची जी चित्रे रंगवली, ती त्यांची सर्वश्रेष्ठ कृती समजली जाते. स्वतः केन्निन-जी मंदिरात आज भाविकांना आणि प्रवाशांना दिसतो तो प्रतिकृती-पडदाच. मूळ पडदा क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात सुरक्षित आहे.

प्रतीचे मोल किती असू शकते, हे नारा जवळच्या होर्यू-जी मंदिराच्या इतिहासात दिसते. तिथल्या मुख्य सभागृहातील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक नेहमी आपल्या अजिंठ्याशी करतात. त्या चित्रांच्या प्रती हाताने करण्याचे काम 1940 मध्ये सुरू झाले, आणि ते चालू असतानाच 26 जानेवारी 1949 रोजी लागलेल्या आगीत मूळ चित्रे होरपळून त्यांचे रंग गेले. या धक्क्यातूनच पुढच्या वर्षी जपानचा सांस्कृतिक ठेवा जपणारा कायदा झाला. आज त्या सभागृहाच्या भिंतींवर चित्रकारांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा रंगवलेल्या प्रती आहेत.

1940 मध्ये सुरू झालेल्या त्या कामाच्या पहिल्या प्रमुखांपैकी एक, चित्रकार आराई कान्पो (1878–1945) यांचे नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवायला हवे. रवींद्रनाथ टागोर 1916 मध्ये जपानला गेले असताना त्यांना चित्रकार शिमोमुरा कान्झान यांचा एक पडदा अतिशय आवडला आणि त्याची प्रत करण्याचे काम आराई यांच्याकडे आले. त्यातून टागोरांनी त्यांना भारतात बोलावले, आणि इथे असताना त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत राहून तिथल्या चित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रती जपानला गेल्या आणि 1923 च्या महाभूकंपात तोक्योत जळाल्या. अजिंठ्याच्या प्रतींच्या नशिबी हे तिसऱ्यांदा आले. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या, आणि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी 1872 पासून केलेल्या प्रतींपैकी कित्येक 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. लेण्यांच्या अंधारात बसून माणसांनी हे काम पुन्हा पुन्हा का केले असेल, याचा विचार केला तर प्रतीला खोटी म्हणवत नाही. खोटेपणा येतो तो प्रत मूळ म्हणून विकली तेव्हाच.

ऑइल, ॲक्रिलिक की पारंपरिक जपानी रंग?

पारंपरिक रंग मिळत असतील आणि खर्च परवडत असेल तर तेच. जपानी पद्धतीत निळा रंग अझुराइट या खनिजापासून आणि हिरवा मॅलाकाइटपासून करतात. खनिज जितके बारीक दळावे तितका रंग फिका होतो, आणि जाडसर ठेवले तर गडद राहतो. त्यामुळे एकाच खनिजापासून अनेक छटा मिळतात. पांढऱ्यासाठी शिंपल्यांची पूड, म्हणजे गोफुन, आणि काळ्यासाठी काजळीची शाई, म्हणजे सुमी. हे सारे निकावा नावाच्या सरसात कालवून वाशी कागदावर किंवा रेशमावर लावतात. कागदाला आधी सरस आणि तुरटीचा हात दिलेला असतो, नाहीतर रंग फुटतो. खनिजाचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून या रंगांना चकाकी नसलेली, आतून येणारी खोली असते. फोटोत ती पकडली जात नाही.

ॲक्रिलिक हा दुसरा चांगला पर्याय आहे. ते लवकर वाळते, सपाट लावता येते आणि मॅट वॉर्निश दिले की जपानी चित्राच्या बरेच जवळ जाते. ऑइलला माझा विरोध नाही. पण जाड, चकाकणारा ऑइल रंग या परंपरेच्या स्वभावाविरुद्ध आहे. चीनमधील शेन्झेनच्या दाफेन वस्तीसारख्या केंद्रांतून जगभर जाणाऱ्या बहुतेक प्रती ऑइलमध्येच असतात. तिथले चित्रकार कसबी असतात, मात्र ग्राहकाने काही सांगितले नाही तर युरोपीय चित्रांना लावतात तोच हात ते इथेही लावतात. ऑइलमध्येच घ्यायचे असेल तर रंग पातळ, सपाट आणि मॅट असावा, रेषा शेवटी एका दमात ओढलेली असावी, अशी सूचना लेखी द्यावी.

सोनेरी पार्श्वभूमीसाठी खरा वर्ख घ्यावा का?

तीन पर्याय असतात: खरा सोन्याचा वर्ख, पितळी वर्ख आणि सोनेरी रंग. जपानमधील जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावा शहरात तयार होतो आणि तो मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. चौकोनी पाने एकमेकांवर किंचित चढवून लावल्यामुळे पडद्यावर जी जाळी दिसते, ती दोष नसून कामाची खूण आहे. ती लपवायला सांगू नये. पितळी वर्ख सुरुवातीला जवळजवळ तसाच दिसतो, पण दमट हवेत तो हिरवट-तपकिरी पडतो, त्यामुळे त्यावर वॉर्निशचे नीट आवरण हवेच. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी याबाबत विशेष काळजी घ्यावी. चांदीचा वर्ख हवेतील गंधकाने काळवंडतो. सोनेरी ॲक्रिलिक रंग टिकतो, परंतु प्रकाश बदलला तरी तो एकसारखाच दिसतो, आणि सोन्याच्या पडद्याचे सारे सुख तर संध्याकाळच्या मंद उजेडात त्याचा बदलणारा रंग पाहण्यात आहे. लहान आकाराची प्रत खऱ्या वर्खात घेणे हे मोठी प्रत सोनेरी रंगात घेण्यापेक्षा मला अधिक शहाणपणाचे वाटते.

घरात प्राणिजन्य वस्तू चालत नाहीत. पारंपरिक प्रत घेता येईल का?

निकावा सरस जनावरांच्या कातड्यापासून किंवा हाडांपासून बनतो, सुमी शाईतही तो असतो, गोफुन शिंपल्यांचा असतो, आणि रेशमाबद्दलही अनेक जैन व शाकाहारी कुटुंबांचा आक्षेप असतो. या कुटुंबांनी कृत्रिम माध्यमातले रंग, कापसाचा कॅनव्हास किंवा कोझो झाडाच्या सालीपासून केलेला कागद आणि नायलॉनचे ब्रश वापरायला सांगावे. कागदाचा लेपही सरसाशिवाय केलेला आहे का, हे वेगळे विचारावे लागते, कारण ते कोणी आपणहून सांगत नाही.

आकार कसा ठरवावा?

मूळचा आकार पाहूनच. कोरिन यांच्या आयरिसच्या जोडीतला प्रत्येक पडदा सुमारे दीड मीटर उंच आणि तीन मीटरपेक्षा अधिक रुंद आहे. दोन्ही मिळून आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या कोणत्याही एका भिंतीवर मावणे कठीण. अशा वेळी संपूर्ण पडदा बारीक करून सोफ्यावर लावण्यापेक्षा त्यातली दोन लागोपाठची पाने, म्हणजे पडद्याचे घडीचे भाग, मूळच्या अर्ध्या आकारात करून घेणे चांगले. पान जिथे मूळ पडद्यात संपते तिथेच कापावे, मध्येच नाही. छापचित्रांच्या बाबतीत उलटी चूक होते, म्हणजे हातात धरायच्या चित्राचा दोन मीटरचा कॅनव्हास केला जातो आणि त्याची बारीक रेषा दोरखंडासारखी जाड होते.

पडद्याविषयी आणखी एक गोष्ट. ब्योबू जमिनीवर नागमोडी उभा करण्यासाठी असतो आणि उजवीकडून डावीकडे पाहिला जातो. चित्रकाराने मांडणी करतानाच घड्यांचा विचार केलेला असतो, त्यामुळे काही आकार पुढे येतात आणि काही मागे सरकतात. भिंतीवर सपाट लावलेल्या प्रतीत हे हरवते. जागा असेल तर कागदी बिजागऱ्यांचा खरा घडीचा पडदा करून घ्यावा.

प्रत चांगली आहे हे कसे ओळखावे?

सर्वप्रथम अक्षरे पाहावीत. ‘लाटे’च्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चौकटीत मालिकेचे व चित्राचे नाव आहे आणि शेजारी होकुसाई यांची सही. जपानी लिपी न येणाऱ्या पण काळजीपूर्वक काम करणाऱ्या चित्रकाराची अक्षरेही वाचता येतात. घाईच्या कामात त्यांच्या जागी अर्थहीन रेघोट्या असतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील फोटोशी ती ताडून पाहावीत.

मग चित्र उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे, झालेले नाही ना, हे पाहावे. किमोनो घातलेल्या जिवंत व्यक्तीचा डावा पदर नेहमी उजव्या पदरावर येतो. उलट पद्धत मृतदेहाला किमोनो नेसवताना वापरतात. त्यामुळे उलटलेले चित्र जपानी पाहुण्याच्या डोळ्याला तत्काळ खटकते. ही चूक जुनी आहे. व्हॅन गॉग यांनी केइसाई एइसेन यांच्या छापचित्रावरून केलेले गणिकेचे चित्रही उलटेच आहे, कारण त्यांच्यासमोर होते ते एका फ्रेंच मासिकाचे मुखपृष्ठ आणि त्यावर प्रतिमा उलटी छापली गेली होती.

रेषा एका दमात ओढलेली आहे की तुकडे जोडलेले आहेत, हे तिच्या जाडीवरून कळते. ब्रशची जिवंत रेषा दाबाप्रमाणे जाड-बारीक होते, तर गिरवलेली रेषा सगळीकडे सारखी आणि कडेला थरथरलेली असते. रिकामी जागा भरलेली नाही ना, तेही पाहावे. मूळ चित्रात जिथे नुसता कागद आहे तिथे ढग, पक्षी किंवा रंगाचा हलका हात घालून चित्र ‘पूर्ण’ करण्याची सवय अनेकांना असते.

जुन्या चित्राचे आजचे रूप रंगवावे की नवे असतानाचे?

जपानमध्ये प्रतीचे हे दोन्ही प्रकार मान्य आहेत. एकात आज दिसणारे डाग, झिजलेला वर्ख आणि उडालेला रंग यांसह चित्र उतरवतात. दुसऱ्यात अभ्यास करून मूळचे रूप पुन्हा उभे करतात. अतामीच्या एमओए संग्रहालयातील कोरिन यांच्या लाल-पांढऱ्या आलुबुखार फुलांच्या पडद्यावरचा प्रवाह आज काळपट तपकिरी दिसतो, आणि तो मूळचा कसा होता याबद्दल अभ्यासकांनी वेगवेगळी मांडणी केली आहे. घरासाठी मी आजचे रूप निवडेन, कारण आपल्याला जे चित्र आवडले ते याच रूपात आवडले. मात्र चहात बुडवून किंवा तपकिरी वॉर्निश फासून आणलेला खोटा जुनाटपणा टाळावा.

मूळ कलावंताची सही आणि शिक्के प्रतीवर असावेत का?

छापचित्रांत आणि गुंडाळ्यांत सही हा मांडणीचाच भाग असतो, त्यामुळे ती ठेवायला हरकत नाही. पण पाठीमागे प्रत करणाऱ्याचे नाव, वर्ष, वापरलेली साधने आणि मूळ कृती कोणत्या संग्रहात आहे, हे न पुसता येईल असे लिहून घ्यावे. ही वस्तू पुढच्या पिढीकडे किंवा दुसऱ्या खरेदीदाराकडे जाईल तेव्हा फसवणुकीला वाव राहत नाही, आणि ज्याने महिनोन्‌महिने काम केले त्याचे नावही राहते.

चित्राचा विषय घरासाठी योग्य आहे का, हे कसे कळावे?

चित्रात काय आहे ते विचारून घ्यावे. कितागावा उतामारो यांच्या अनेक सुंदर स्त्रिया योशिवारा या तत्कालीन वेश्यावस्तीतील आहेत. चित्रे अप्रतिम आहेत, पण घेणाऱ्याला ते माहीत असावे. पाइन, बांबू आणि आलुबुखार हे त्रिकूट, तसेच सारस पक्षी, शुभ मानले जातात आणि लग्नकार्यात किंवा नववर्षाला लावले जातात. बेन्झाइतेन ही आपली सरस्वती आणि फुदो म्योओ हा अचलनाथ, म्हणजे बौद्धांचा रक्षकदेव. त्यांची चित्रे पूजेच्या प्रतिमा आहेत, तेव्हा त्यांना तशीच जागा द्यावी. गणपतीशी नाते असलेल्या कांगितेन या देवतेच्या मूर्ती मंदिरांतही सहसा झाकलेल्या असतात, म्हणून ते चित्र सजावटीसाठी घेऊ नये. वास्तुशास्त्र वा फेंगशुईच्या नावाने जपानी चित्रांना जे परिणाम चिकटवले जातात, त्यांचा या चित्रपरंपरेशी संबंध नाही.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

कागदाला आणि रेशमाला 50 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलै महिन्यात ती कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते, तेव्हा काळजी घ्यावीच लागते. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. फ्रेमच्या मागे बुचाचे लहान तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. कागदावरच्या चित्राला अतिनील किरणे अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक असावी आणि माउंट घालून ती चित्रापासून दूर ठेवावी, अन्यथा ओलाव्याने रंग काचेला चिकटतो. स्वयंपाकघराची वाफ आणि देवघराचा धूर या दोहोंपासून चित्र लांब असावे.

काकेजिकु वर्षभर टांगून ठेवण्यासाठी नसते. जपानी घरात ऋतूप्रमाणे गुंडाळी बदलतात, आणि तोच नियम आपण पाळावा. गुंडाळी कोरड्या हातांनी, सैलसर आणि कोरड्या दिवशीच करावी; दमट हवेत गुंडाळून पेटीत ठेवली तर आत बुरशी धरते. पेटी पाउलोनिया लाकडाची असते, ती नसेल तर आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवावी. कसर लागू नये म्हणून जपानमध्ये कोरड्या हवेत चित्रे बाहेर काढून वारा देतात. आपल्याकडे पाऊस सरल्यावर दिवाळीच्या आसपासचे दिवस त्यासाठी उत्तम. ऊन मात्र दाखवू नये.

स्वामित्वहक्काची अडचण येते का?

भारतात कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात. होकुसाई, हिरोशिगे, कोरिन यांच्याबाबत प्रश्नच नाही. कावासे हासुइ (1883–1957) यांची निसर्गदृश्ये, तसेच भारतात येऊन अजिंठा आणि वेरूळ यांचीही छापचित्रे केलेले योशिदा हिरोशी (1876–1950) यांच्या कृती भारतात आता मुक्त आहेत. छापचित्रकार मुनाकाता शिको यांचे निधन 1975 मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे हक्क इथे 2035 अखेरपर्यंत आहेत; जपानमध्ये मुदत 70 वर्षांची असल्याने तिथे आणखी दहा वर्षे. हयात कलावंतांच्या कामाची प्रत परवानगीशिवाय करून घेऊ नये.

किमतीत एवढा फरक का असतो?

वेळ, साधने आणि हात यांमुळे. खनिज रंग आणि खरा वर्ख महाग असतात, आणि एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नसल्याने काम लांबते. आठवडाभरात मोठा सोनेरी पडदा देण्याचे आश्वासन मिळाले, तर ते हाताचे काम नाही असे समजावे.

प्रत ठरवण्याआधी मूळ कृती कुठे पाहता येतील?

जपानमधील नाजूक चित्रे वर्षभर मांडलेली नसतात, हे प्रवासाची आखणी करताना ध्यानात ठेवावे. कोरिन यांचे आयरिस नेझू संग्रहालयात साधारणपणे एप्रिल-मेमध्ये, फुले बागेत उमलतात तेव्हा मांडतात. लाल-पांढरी आलुबुखार फुले अतामीत बहुधा फेब्रुवारीच्या सुमारास. तोहाकु यांचे पाइन तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात पुष्कळदा नववर्षाच्या वेळी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेल्या जपानी कलावस्तू आहेत. तिथली कारागिरी जवळून पाहिली तर जपानी हात किती बारकाईने काम करतो याचा अंदाज येतो. घरबसल्या पाहायचे असेल, तर जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कोलबेस हे संकेतस्थळ आणि मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे मुक्त छायाचित्रसंग्रह उपयोगी पडतात. चित्रकाराला तिथलाच मोठा फोटो द्यावा, आणि प्रत घरी आली की ती त्याच फोटोशेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, आधी सांगितलेल्या खुणांप्रमाणे तपासून मगच उरलेले पैसे चुकते करावेत.